सॅटेलाइट फोन : थोडक्यात माहिती

पूर्वी परदेशातून घरी फोन लावला की आपले 'हॅलो' पोहोचून उत्तर यायला क्षणभर लागे, आणि दोन्हीकडची माणसे एकदमच बोलू लागत. असे का होई, हे आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

भूस्थिर उपग्रह : हे विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवर असतात आणि पृथ्वीवरून एकाच जागी दिसतात. आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या विक्रम भू-केंद्रातून १९७० च्या दशकात असे कॉल होत. आता बहुतेक कॉल समुद्राखालच्या फायबर केबलमधून जातात.

खालच्या कक्षेतील उपग्रह : १९९८ साली सुरू झालेल्या इरिडियम सेवेचे ६६ उपग्रह सुमारे ७८० कि.मी. उंचीवर फिरतात. अंतर कमी, म्हणून हातातल्या फोनची थोडी शक्तीही पुरते. मात्र प्रत्येक उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. तेव्हा चालू कॉल न तोडता पुढच्या उपग्रहाकडे सोपवावा लागतो. इंजिनियरांचे खरे कसब इथेच.

२०२२ पासून काही साध्या मोबाइलवरूनही संकटकाळी उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो. त्यासाठी डोक्यावर मोकळे आकाश हवे.

महत्त्वाचे : भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेणे किंवा वापरणे बेकायदा आहे. त्यावरून परदेशी प्रवाशांना अटकही झाली आहे. ट्रेकिंगची उपग्रह-संदेश यंत्रेही यात अडकू शकतात. सह्याद्रीत भटकायला जाणाऱ्यांनी बॅग भरण्यापूर्वी भारताच्या दूरसंचार विभागाची परवानगी घ्यावी, नाहीतर ते यंत्र घरीच ठेवावे.