कापसाच्या गावातली ऐकण्याची खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पांढरकवडा म्हटले की लोकांना नागपूर-हैदराबाद रस्ता आठवतो, कापसाच्या गाड्या आठवतात आणि अलीकडे टिपेश्वरचे वाघ. या गावाच्या निमित्ताने घरातल्या हाय-फाय संगीतयंत्रणेवर बोलणार आहे, असे सांगितल्यावर एका मित्राने विचारले, ''तिथे काय ऐकणार? जिनिंगचा भोंगा?'' प्रश्न थट्टेचा होता. पण आमच्या तिथल्या जुन्या घराच्या बैठकीत मी अशी यंत्रणा बसवली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. घरी बसून गाणे ऐकण्याला आपल्याकडे सव्वाशे वर्षे होत आली. या काळातल्या यंत्रांवर पुष्कळ लिहिले गेले. ज्या खोलीत ती वाजली, तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. यंत्र सुधारत गेले आणि खोली बिघडत गेली, असे माझे मत झाले आहे. ते कसे, ते सांगतो.

1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तिथून आपल्याकडे तबकडीचे युग सुरू झाले. मिनिटाला 78 फेरे घेणारी ही तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजे. ती बनत असे लाखेपासून, आणि लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. छोटा नागपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलांतून ती साऱ्या जगात जाई. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या मिश्रणात मजबुतीसाठी कापसाचे बारीक तंतूही घालत. पळस आणि कापूस! आमच्या भागातल्या माणसाला यात परके काय वाटणार?

शिवाय ग्रामोफोनला वीज लागत नसे. किल्ली द्यायची, सुई बदलायची, की झाले. आवाज कर्ण्यातून येई. त्यात खर्ज नसे आणि अगदी वरचे सूरही नसत. तरी जुनी माणसे त्या आवाजाची आठवण काढून हळवी होतात. मला वाटे, हे वयाचे असावे. आता वाटते, त्यात घराचाही वाटा आहे. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, वर बांबू आणि कवेलू, खाली अंथरलेल्या गाद्या, भिंतीशी लोड-तक्के. अशा बैठकीत आवाज घुमतच नाही. यंत्र बेताचे होते, खोली उत्तम होती.

या मागचे शास्त्र अमेरिकेत एका फसलेल्या इमारतीने शिकवले. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह 1895 मध्ये सुरू झाले, पण तिथे वक्त्याचे बोलणेच कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तोवर वक्त्याचे पुढचे वाक्य संपलेले असे. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायच्या, असा क्रम चालवला. खोली जितकी मोठी तितका निनाद लांबतो आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखडतो, हे सूत्र त्यातून निघाले. मोजण्यासाठी त्याने एकक घेतले ते उघड्या खिडकीचे. उघडी खिडकी तिच्यावर आलेला सगळा आवाज गिळते. आत काही परत येत नाही. ही खिडकी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याशी काम आहे.

मग रेडिओ आला. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, नागपूरचे 16 जुलै 1948 रोजी. रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. छतावर जाळीची एरियल, फळीवर वाल्वचा रेडिओ, त्यावर क्रोशाने विणलेले झाकण. आमच्या आबाजींच्या रेडिओला कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. कान मात्र सगळ्यांचे. बुधवारी रात्री सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागली की ओसरीत बसायला जागा उरत नसे. आवाज एकाच पेटीतून येई, त्यामुळे कोणी कुठेही बसले तरी बिघडत नसे. स्वयंपाकघरातल्या बाईलाही तेवढेच गाणे मिळे.

हे समीकरण स्टिरिओने मोडले. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. बोलपटात नट पडद्यावर इकडून तिकडे जातो, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. 1942 मध्ये रडारची चाचणी करताना विमान कोसळून तो गेला, वय अवघे 38. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला 1957-58 साल उजाडले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, नाहीतर खर्ज फुगतो, हे नियम त्याबरोबर आले. त्रिकोणाच्या टोकावर खुर्ची मात्र एकच बसते. ती कोणाची?

आपल्याकडे या यंत्रांवर आयातकर भारी होता. 1970 मध्ये कोलकात्यात सोनोडाइन उभी राहिली, आणखीही देशी कंपन्या आल्या. पण पुष्कळ हौशी लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जोडत आणि स्पीकरचे खोके गावच्या वाढयाकडून करून घेत. हे काही कमीपणाचे नव्हते. इंग्लंडच्या नामांकित व्हार्फडेल कंपनीचा जनक गिल्बर्ट ब्रिग्ज हा मूळचा कापडधंद्यातला माणूस. पहिला स्पीकर त्याने घराच्या तळघरात बनवला. पुढे खोके थरथरू नये म्हणून त्याने दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरली. आमच्या वाढयाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ''वाळूचे पैसे वेगळे.''

एव्हाना घरे बदलली होती. कवेलू जाऊन स्लॅब आला, सारवण जाऊन फरशी. बैठकीतल्या गाद्या गेल्या आणि लाकडी हातांचा सोफा आला. आमच्या बैठकीचेही तेच झाले होते. खोली बारा बाय पंधरा फूट, उंची दहा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर ती तीन सेकंद रेंगाळे. नवी यंत्रणा लावून केसरबाई केरकरांची जुनी मुद्रणे ऐकली, तर त्यांची तान त्यांच्याच आधीच्या तानेवर आपटू लागली. ज्यांचा स्वर 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, तो माझ्या स्लॅबखाली गढूळ झाला! मी स्पीकरच्या तारा बदलल्या. लोक पहिल्यांदा खर्च तिथेच करतात. काही फरक पडला नाही.

शेवटी सबाईनच्या सूत्राने आकडेमोड केली. तीन सेकंदांवरून पाऊण सेकंदावर यायचे, तर बैठकीत आठेक चौरस मीटर कापूस पाहिजे, शिवाय लोड आणि जाड पडदे. कापसाला काय तोटा! पिंजारी बोलावला. त्याने जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजला आणि मूठभर वाढयाने केलेल्या खोक्यांतही भरला. सोफा माडीवर गेला. गाद्या अंथरल्या, भिंतीशी लोड लावले. आई दारात उभी राहून म्हणाली, ''हे तर आबाजींच्या वेळेसारखंच झालं.''

खुर्चीचा वाद तसाच राहिला. जमिनीवर बसायचे म्हणून स्पीकर खाली घेतले, तरी त्रिकोणाचे टोक एकच. तिथे मी बसतो, आणि काकाजी आले की उठतो. आई त्या जागी कधी बसलीच नाही. तिला ओसरीतून ऐकायची सवय.

उन्हाळ्यात निराळीच अडचण. वैदर्भी कूलर सुरू झाला की तंबोरा ऐकू येणे शक्य नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही रात्री दहानंतर कूलर बंद करून खिडक्या सताड उघडतो. सबाईनच्या हिशेबाने ही खोलीची सर्वात चांगली अवस्था, फक्त अर्धे गाणे गल्लीत जाते. परवा एक शेजारी अंगणातल्या खाटेवरून ओरडले, ''थोडा आवाज वाढवा ना बापा, दुसरी बाजू लागली की काय?'' मी आवाज वाढवला.