स्वमग्नतेचे वाढते आकडे आणि लशीवरचा संशय

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र अर्थात 'सीडीसी' आठ वर्षे वयाच्या मुलांमध्ये ऑटिझमचे, म्हणजेच स्वमग्नतेचे, प्रमाण किती याची पाहणी ठराविक काळाने प्रसिद्ध करते. २००० साली हे प्रमाण दीडशे मुलांमागे एक होते. २०१० मध्ये ६८ मुलांमागे एक आणि २०२२ च्या पाहणीत ३१ मुलांमागे एक अशी नोंद झाली. असे आकडे वाचून आईवडिलांच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. हे प्रमाण का वाढते आहे, या प्रश्नाला गेली २५ वर्षे लस हे एक उत्तर चिकटून बसले आहे. पुराव्याच्या कसोटीवर ते कधीच बाद झाले. लोकांच्या मनातून मात्र ते गेलेले नाही आणि त्याची किंमत काही मुलांनी गोवराने मोजली आहे.

लंडनचा शोधनिबंध

आपल्याकडे 'त्रिगुणी लस' म्हटले की घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस डोळ्यापुढे येते. येथे वादाचा विषय झालेली लस वेगळी. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन आजारांची ती एकत्रित लस, 'एमएमआर'. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या १२ सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तपासलेली मुले होती अवघी १२. त्यांपैकी आठ मुलांच्या वर्तनातील बिघाड एमएमआरनंतर सुरू झाल्याचे पालकांनी अथवा डॉक्टरांनी सांगितले होते. लस आणि हा विकार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे खुद्द निबंधातच नमूद होते. परंतु पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी एकत्रित लशीऐवजी तिन्ही लशी सुट्या द्याव्यात, असे मत मांडले. निबंधातील ते वाक्य मागे पडले आणि मथळे पुढे गेले. यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता, हे आमच्या व्यवसायाने मान्य केलेच पाहिजे.

योगायोगही असा, की एमएमआरचा पहिला डोस साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास दिला जातो आणि मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, हे पालकांच्या ध्यानी येते तेही दीड-दोन वर्षांच्या सुमारास. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींची सांगड घालणे हा मनुष्यस्वभाव आहे.

डिसेंबर २००१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या तान्ह्या मुलाला एमएमआर दिली की नाही, हे सांगण्यास नकार दिला. कुटुंबाचे खासगीपण जपण्याचा त्यांचा हेतू असेलही, पण संशयाला त्यामुळे खतपाणीच मिळाले. गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांचे लसीकरण व्हावे लागते. इंग्लंडमध्ये २००३-०४ साली ते ८० टक्क्यांपर्यंत घसरले आणि लंडनच्या काही भागांत त्याहूनही खाली गेले. पुढे २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात गोवराची मोठी साथ आली. त्या साथीतील रुग्णांत मोठा भरणा होता तो १९९८ नंतरच्या गदारोळात लस चुकलेल्या मुलांचा, जी तोवर शाळकरी वयाची झाली होती.

निबंधामागचे सत्य २००४ मध्ये बाहेर येऊ लागले. पत्रकार ब्रायन डीअर यांनी 'संडे टाइम्स'मध्ये दाखवून दिले, की लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. त्याच वर्षी दहा सहलेखकांनी लशीसंबंधीच्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने जानेवारी २०१० मध्ये वेकफील्ड यांना अप्रामाणिकपणाबद्दल दोषी ठरवले. फेब्रुवारीत 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. छापण्यास एक दिवस, मागे घेण्यास बारा वर्षे.

पाऱ्याचा दुसरा संशय

अमेरिकेत संशयाने वेगळी वाट धरली. तेथे बोट दाखवले गेले ते 'थायोमर्सल'कडे. एका कुपीतून अनेक बालकांना डोस देताना लस दूषित होऊ नये म्हणून वापरले जाणारे हे पारायुक्त संरक्षक द्रव्य. (एमएमआरमध्ये ते कधीच नव्हते. ती जिवंत विषाणूंची लस असल्याने असे द्रव्य तिच्यात चालत नाही. दोन्ही आक्षेप एका दमात घेणाऱ्यांच्या हे बहुधा गावीही नसते.) १९९९ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्य विभाग यांनी खबरदारी म्हणून हे द्रव्य वगळण्याचे ठरवले. धोका सिद्ध झालेला नव्हता. मर्यादेचा हिशेब माशांतून पोटात जाणाऱ्या मिथाइल पाऱ्यावरून केलेला होता, तर थायोमर्सलमधून मिळणारा इथाइल पारा शरीरातून बराच लवकर बाहेर पडतो. तरीही 'धोका नाही, पण काढून टाकतो' या विधानाचा अर्थ सामान्य माणसाने 'काहीतरी पाणी मुरते आहे' असाच घेतला.

त्यातून एक नैसर्गिक प्रयोग मात्र आपोआप घडला. २००१ पर्यंत काही फ्लूच्या लशी सोडल्यास अमेरिकी बालकांच्या लशींतून थायोमर्सल गेले. तेच कारण असते, तर स्वमग्नतेचे प्रमाण उतरायला हवे होते. ते चढतच राहिले. जपानने वेगळ्याच कारणासाठी १९९३ मध्ये एमएमआर थांबवली होती. योकोहामा शहराच्या नोंदी तपासल्या असता तेथेही प्रमाण वाढतच गेलेले आढळले. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद असते. तेथील ५ लाख ३७ हजार मुलांचा अभ्यास २००२ मध्ये आणि ६ लाख ५७ हजार मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता आहे, अशा मुलांतही दिसला नाही.

मग आकडे का वाढले?

१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांची लक्षणे वर्णिली, तेव्हा ही अत्यंत दुर्मिळ अवस्था मानली जाई. १९९४ मध्ये अमेरिकी निदानसंहितेत 'अस्पर्जर' अवस्थेचा समावेश झाला आणि बोलता येणारी, शाळेत हुशार असणारी मुलेही या छत्राखाली आली. त्याआधी, १९९० मध्ये, अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख झाला होता. निदान झाले की शाळेत मदत मिळू लागली, साहजिकच निदाने वाढली. पूर्वी ज्यांच्यावर मतिमंदत्वाचा शिक्का बसत असे, अशा अनेक मुलांची नोंद आता स्वमग्न म्हणून होऊ लागली. डेन्मार्कमधील वाढीपैकी सुमारे ६० टक्के वाढ केवळ निदानाचे निकष आणि नोंदीची पद्धत बदलल्यामुळे झाली, असे २०१५ च्या अभ्यासात आढळले. उरलेल्या वाढीत आईवडिलांचे वाढते वय आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे जगणे यांचाही वाटा मानला जातो. आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून स्पष्ट आहे.

हे उत्तर लांबलचक आणि काहीसे निरस आहे. 'लशीमुळे झाले' हे तीन सेकंदांत सांगता येते. मिनियापोलिस शहरातील सोमाली स्थलांतरितांच्या बाबतीत नेमके हेच घडले. आपल्या मुलांत स्वमग्नता अधिक का, असे ते विचारत होते. आरोग्य यंत्रणेकडे तयार उत्तर नव्हते, लसविरोधकांकडे होते. वेकफील्ड स्वतः तेथे जाऊन या पालकांना भेटले. मिनेसोटातील सोमाली बालकांत एमएमआरचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते, ते २०१४ मध्ये ४२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये गोवराची साथ आली आणि रुग्णांत बहुसंख्य मुले सोमालीच होती. लस टाळूनही स्वमग्नता टळली नाही, गोवर तेवढा पदरी पडला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लशींचे जुने टीकाकार रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले आणि वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी टेक्सासमधील साथीत ७६२ जणांना गोवर झाला व लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सीडीसी'ने संकेतस्थळावरील मजकूर बदलून 'लशींमुळे स्वमग्नता होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, असे म्हटले. नवा पुरावा पुढे आलेला नव्हता, बदलले होते ते कारभारी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या बदलाचा निषेध केला.

महाराष्ट्रातील पालकांसाठी

आपल्याकडील सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची 'एमआर' लस ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयांत मोफत दिली जाते. खासगी बालरोगतज्ज्ञ प्रामुख्याने एमएमआर देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व अन्य भागांत गोवराची साथ आली, बालके दगावली. त्यामागे स्वमग्नतेची भीती नव्हती. करोनाकाळात राहून गेलेले डोस हे एक मोठे कारण होते. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो घेता येतो. त्यासाठी लसीकरण कार्ड घेऊन आशा सेविकेला अथवा जवळच्या आरोग्य केंद्रात भेटावे.

मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, दीड वर्षानंतरही शब्द येत नसतील अथवा येत असलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' या समजुतीवर विसंबू नये. अंगणवाडी व शाळांतील बालकांच्या तपासणीसाठी फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात स्वमग्नतेचाही समावेश आहे. संशयित बालकांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि तेथील तपासणी व उपचार विनामूल्य असतात.