परवलीचा शब्द बदलताना

'परवलीचा शब्द' हा मूळचा लष्करी छावणीतला. रोमन छावणीत सूर्यास्ताच्या सुमारास लाकडी पाटीवर लिहिलेला शब्द तुकड्यांतून फिरवला जाई, असे वर्णन पॉलिबियस या इतिहासकाराने केले आहे. अनेकांना ठाऊक असल्यामुळेच तो रोज बदलावा लागे. संगणकाचा पासवर्ड मात्र एकट्याचा. तरीही तो बदलायचा म्हणजे राखणदाराला नवा शब्द कळवणे आलेच. वाटेत कोणी ऐकला तर? आणि राखणदाराकडूनच फुटला तर?

दुसरा प्रश्न आधी उभा राहिला. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी पद्धत उभारली. तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत एका फाइलमध्ये होते. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने १९६२ मध्ये, संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून, ती यादीच छापून घेतली! पुढे युनिक्स प्रणालीत वापरलेला उपाय रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये मांडला. पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून केवळ उत्तर साठवायचे. त्यात ४०९६ पर्यायांपैकी एक यादृच्छिक संख्या मिसळली जाई, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी उत्तरे बहुधा वेगळी येत. या मिश्रणाला 'मीठ' असेच नाव आहे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातील केवळ अक्षरे दाखवणाऱ्या स्वस्त खात्यांत ग्राहक थेट युनिक्सवर काम करी. पासवर्ड बदलण्याची आज्ञा तोच देई. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांचे हॉटमेल ४ जुलै १९९६ रोजी सुरू झाले. मुंबईच्या रेडिफनेही पुढे अशी सेवा दिली. टपाल आता कोणत्याही सायबर कॅफेतून उघडता येऊ लागले, पण ग्राहक आणि पासवर्डांची फाइल यांच्यामध्ये वेबपान आले. वेबपानाला त्या फाइलवर हात ठेवू देणे धोक्याचे. म्हणून अनेक लहान संस्थांत मध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवीत. तो जुना व नवा पासवर्ड साध्या अक्षरांतच स्वीकारी. ही वाट दोन संगणकांमधली असेल तर दोन्ही शब्द एकदमच उघडे पडत.

वाट झाकण्याचे तंत्र नेटस्केपने १९९५ मध्येच आणले होते. परंतु कित्येक सेवा फक्त प्रवेशाच्या वेळी ते वापरीत. जीमेलने संपूर्ण टपालासाठी ते सर्वांना आपोआप लागू केले जानेवारी २०१० मध्ये. पासवर्ड बदलताना जुना पुन्हा विचारतात तोही याच कारणाने: कॅफेत कोणाचे खाते उघडे राहिले, तर पुढच्या माणसाला ते बळकावता येऊ नये.

पासवर्ड विसरलेल्यांसाठीचा मागचा दरवाजा मात्र बराच काळ सताड उघडा होता. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका विद्यार्थ्याने, जन्मतारीख आणि पतीशी भेट कुठे झाली अशा प्रश्नांची उत्तरे शोधून, बळकावले. आमच्या मते हे प्रश्न आपल्याकडे तर मुळीच चालणारे नव्हते. शिरड शहापूरसारख्या गावात 'तुमची पहिली शाळा कोणती' याचे उत्तर कोणाला ठाऊक नसते?

अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणे थांबवावे, असे सुचवले. सक्ती झाली की माणसे शेवटचा आकडा तेवढा एकाने वाढवतात. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला की मात्र बदलायचाच. शाळेच्या सामाईक ई-मेलची गोष्ट निराळी. तो शब्द छावणीतल्यासारखा अनेकांना ठाऊक असतो, आणि त्यांतल्या एखाद्याची बदली झाली की तो त्याच दिवशी बदलावा लागतो.