दारू सोडणाऱ्यांची मीटिंग : एक मागोवा

जुन्नर-आंबेगावात दारू सोडायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे माळ घालणं. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आळ्याला. अशा मुलखात गळ्यात तुळशीची माळ आली की दारू-मटण सुटलं, हे कोणाला सांगावं लागत नाही. एकादशी, भजन, हरिपाठ, वारी यांतून संगत मिळते आणि अनेकांना तीच तारून नेते. मात्र माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला, तर त्याला अख्ख्या गावासमोर मान खाली घालावी लागते. मग तो भजनाला येणंच सोडतो. घसरलेल्याला परत येता येईल अशी जागा माळेत सहसा सापडत नाही.

पुढच्या लढाया दारूच्या दुकानाशी झाल्या. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी 1880 मध्ये दारूच्या दुकानांना विरोध केला. त्यांच्या सत्यशोधक चळवळीला ओतूर-जुन्नर भागात भक्कम पाठबळ होतं. 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. नंतर गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मत देऊन दुकानं बंद पाडली. या लढाया गरजेच्याच होत्या. पण दुकान बंद झालं, तरी ज्याचे हात सकाळी दारूवाचून थरथरतात त्याचं काय करायचं, याचं उत्तर त्यांत नव्हतं.

ते उत्तर पिणाऱ्यांनीच शोधलं. 1840 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्या मित्रांनी दारू सोडली आणि सभांमधून आपली कहाणी सांगायला सुरुवात केली. ही वॉशिंग्टनियन चळवळ झपाट्यानं पसरली, पण दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली आणि काही वर्षांत विरली.

मे 1935. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामात अपयश घेऊन ॲक्रन शहरातल्या मेफ्लॉवर हॉटेलात उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. एका बाजूला बारमधला हसण्या-बोलण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि भिंतीवर चर्चची यादी. त्यानं फोन उचलला. त्याला उपदेशक नको होता, आपल्यासारखाच एखादा पिणारा हवा होता. एकामागून एक फोन करत तो डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. डॉ. बॉब शेवटचं प्यायले ते 10 जून 1935 ला. या भेटीतून उभी राहिलेली दारू सोडणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., आपला जन्मदिवस तोच मानते.

दारू सोडण्याची वाट सांगणाऱ्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांचं पुस्तक 1939 मध्ये निघालं. पुढे ठरलेल्या बारा परंपरांत वॉशिंग्टनियनांच्या गतीचा धडा दिसतो : ए.ए. बाहेरच्या वादांत मत देत नाही, बाहेरून पैसा घेत नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पूर्ण नाव सांगायचं नाही, म्हणून पाटील आणि मजूर शेजारी बसू शकतात. पुन्हा प्यायलेलाही परत येऊन ‘आज पहिला दिवस’ म्हणू शकतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 1951 मध्ये अल-अनॉन सुरू झालं.

भारतात ए.ए.ची सुरुवात 1957 मध्ये मुंबईत झाली. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा मोठा आधार होता. बरा झालेला माणूस तिथं नव्याचा समुपदेशक होतो आणि पेशंटच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट चालतो.

आपल्याला जुळेल अशी ए.ए.ची मीटिंग शोधताना या इतिहासाचा उपयोग होतो. क्लोज मीटिंगला फक्त पिणारे बसतात, ओपन मीटिंगला घरचेही चालतात. आपल्या गावात ओळखीची माणसं भेटतील म्हणून लाज वाटत असेल, तर ओतूरच्या माणसानं मंचरची किंवा मंचरच्यानं राजगुरुनगर-पुण्याकडची मीटिंग शोधावी. बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणं जड जात असेल, तर तिनं फोनवर आधीच विचारून घ्यावं. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं. एका मीटिंगमध्ये मन रमलं नाही म्हणून ‘हे माझ्यासाठी नाही’ असं ठरवू नये, आणखी दोन-तीन गटांत बसून पाहावं. शेअरिंग ऐकताना ‘ही तर माझीच गोष्ट’ असं जिथं वाटेल, तो आपला गट. जो गट डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगेल किंवा सक्तीनं पैसे मागेल, तिथून उठावं.

एक गोष्ट मात्र आधी. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

आणि जवळपास मीटिंग सापडलीच नाही, तर आपल्यासारखाच एक जण शोधा. ॲक्रनला दोघंच होते. तुमच्या गावातही सुरुवातीला दोघं पुरतील.