घर एक, पाट्या चार

पत्ता ही वस्तू मोठी मजेची आहे. ज्याचा पत्ता असतो त्याला त्याची गरज नसते. गरज असते ती दुसऱ्याला. स्वतःचे घर विचारीत गल्लीबोळ हिंडणारा मनुष्य विरळाच! तेव्हा पत्ता ठरविताना घरमालकाच्या हौसेपेक्षा येणाऱ्या पाहुण्याची सोय पाहावी, हा साधा न्याय. परंतु संगणकांच्या जाळ्यावर हा न्याय अंगवळणी पडण्यास पंचवीसएक वर्षे जावी लागली. त्या वर्षांची ही हकीकत.

आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याचा पूर्वज आर्पानेट. १९६९ साली अमेरिकेत तो सुरू झाला. त्यावरील यंत्रे एकमेकांस आकड्यांनी ओळखीत. माणसांच्या ध्यानात मात्र आकडे राहीनात. म्हणून प्रत्येक यंत्राला एक नाव दिले गेले, आणि नाव व आकडा यांची एक यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवण्यात आली. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या कचेरीकडे ते काम होते. नवे यंत्र जोडले की त्या कचेरीला कळवावयाचे आणि यादीची ताजी नक्कल उतरवून घ्यावयाची. गावच्या तलाठ्याचे दप्तरच म्हणा ना!

गंमत पाहा. त्याच सुमारास आपल्याकडे याच्या अगदी उलट चालले होते. येथे नावेच फार झाली होती. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगावे किती आणि वडगावे किती! पत्र भलत्याच गावी जाऊन पडे. यावर टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकड्यांचा पिनकोड योजिला, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला. टपाल नावांकडून आकड्यांकडे गेले. संगणक आकड्यांकडून नावांकडे आले. दोघांचा हेतू एकच, की पत्ता ज्याचा त्यालाच पोचावा.

यंत्रे वाढली तशी ती एकच यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी निराळी व्यवस्था मांडली. सगळी नावे एका दप्तरात न ठेवता प्रत्येकाने आपापल्या वाड्यातील नावे आपण सांभाळावी, आणि वरच्याने फक्त वाडा कोठे आहे तेवढे सांगावे. हीच डोमेन नावांची पद्धत. भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ हे आडनाव १९८९ साली आले, आणि त्याचा कारभार प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता.

आता ज्याला आपण ‘वेब’ म्हणतो ते टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत उभारले. पहिले संकेतस्थळ १९९० सालचे, ‘इन्फो डॉट सर्न डॉट सीएच’ या नावाचे. नीट पाहिलेत ना? त्यात ती प्रसिद्ध ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ ही तीन अक्षरे नाहीतच! पुढे संस्थांनी सोयीसाठी टपालाच्या यंत्राला ‘मेल’, फायलींच्या यंत्राला ‘एफटीपी’ आणि वेबच्या यंत्राला ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ म्हणावयास सुरुवात केली, आणि रूढी पडली. तो नियम कधीच नव्हता. तीच गत पत्त्यातील दोन तिरक्या रेघांची. त्या नसत्या तरी चालले असते, असे खुद्द बर्नर्स-ली यांनीच २००९ साली सांगितले. पण तोवर जगाने त्या किती वेळा टंकिल्या असतील!

रूढी निरुपद्रवी होती, तोवर कोणी लक्ष दिले नाही. घोटाळा झाला तो शोधयंत्रे आल्यावर. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानांची योग्यता ठरविण्याची जी रीत मांडली, ती साक्षीपुराव्याची होती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते वजनदार. आता एकच दुकान डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावून उघडते आणि न लावताही उघडते. त्यात ‘एचटीटीपी’ आणि सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ असे दोन प्रकार. म्हणजे घर एक, पाट्या चार. समजा, शंभर जणांनी त्या दुकानाची शिफारस केली. पण साठांनी एका पाटीवर बोट ठेवले नि चाळिसांनी दुसऱ्या. यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी दुकाने ठरू शकत, आणि शंभरांचे वजन कोणालाच मिळत नसे.

यावर तोड जुनीच होती. १९९६ च्या नियमपत्रात ‘३०१’ हा संकेत दिलेला आहे. त्याचा अर्थ, बिऱ्हाड कायमचे हलले, पुढील पत्त्यावर जावे. तीन पाट्यांवर हा निरोप लावावा आणि चौथी खरी मानावी. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणखी एक खूण मान्य केली. पानानेच आपला अधिकृत पत्ता आपल्या पोटात लिहून ठेवावयाचा.

मग डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावावे की न लावावे? शोधयंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. एक धरावे आणि ते सोडू नये. सुरक्षित प्रकाराला मात्र गूगलने २०१४ पासून थोडे झुकते माप दिले आहे. पानाच्या नावात दोन शब्द तोडावयाचे तर मधे आडवी रेघ द्यावी. पायाशी काढलेल्या रेघेने शब्द जोडलेले समजले जातात, अशी गूगलची सूचना आहे. काही हुशार मंडळींनी तर लोक जे शब्द शोधतात तेच जोडून दुकानाची नावे ठेविली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने हिशेब बदलला, आणि आत माल निकृष्ट असलेल्या अशा दुकानांची नुसत्या नावावर मिळणारी बढती संपली.

२०१४ साली ‘डॉट भारत’ आले, आणि पत्ता देवनागरीत लिहिणे शक्य झाले. त्यात मराठीही आहे. आत यंत्रासाठी त्याचे रोमन अक्षरांत रूपांतर होते. पण पाटीवर आपली लिपी दिसते, हे काय थोडे झाले?

या साऱ्याहून मोठी गोष्ट बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका टिपणात मांडली. चांगला पत्ता बदलत नाही, बदलतात ती माणसे, असा तिचा मथितार्थ. एखादी ग्रंथालय-संस्था जुनी हस्तलिखिते वेबवर ठेवते, पाच वर्षांनी नवा कारागीर येऊन सगळी मांडणी बदलतो, आणि मागे निरोप लावीत नाही. मग त्या हस्तलिखितांकडे बोट दाखविणारा प्रत्येक लेख, प्रत्येक प्रबंध, प्रत्येक पत्र रिकाम्या ओसरीवर येऊन उभे राहते. हस्तलिखित जळाले नाही, वाळवीनेही खाल्ले नाही. तरी वाचकाच्या दृष्टीने ते गेलेच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातील कोणी लेकसून फराळाचे किंवा पुस्तकांचे दुकान वेबवर मांडणार असेल, तर तिला एवढेच सांगा. नाव सुटसुटीत ठेव, पाटी एकच लाव, बाकीच्या दारांवर निरोप ठेव. आणि कधी घर हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नवी वाट दाखविल्याखेरीज कुलूप लावू नकोस.