आधी नोकरी, मग पदवी: टेक्निकल रायटरचा इतिहास कसा वाचायचा?

मागच्या आठवड्यात पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही जणांशी विभागात गप्पा झाल्या. एकीने सरळच विचारलं, “ताई, एमए झाल्यावर तुम्ही टेक्निकल रायटर होतात ना? बरी नोकरी सोडून परत इथे कशाला आलात? आणि आता त्या नोकरीवरच पीएचडी? मॅन्युअलला कसला आलाय इतिहास?”

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न चांगला आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना उद्या मुलाखतीत तो वेगळ्या शब्दांत विचारला जाणार आहे: “यात संशोधन काय?” म्हणून आज जरा सविस्तर उत्तर देते.

आपल्याकडे या व्यवसायाची एक ठरलेली कथा आहे. साहित्य शिकलेल्यांना काम मिळेना, तेवढ्यात आयटी कंपन्या आल्या, त्यांना इंग्रजी नीट लिहिणारी माणसं हवी होती, म्हणून कथा-कविता शिकलेले लोक सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहू लागले. थोडक्यात, ही एक तडजोड. पुण्यात नोकरी करताना मीही स्वतःची ओळख अशीच करून द्यायचे, थोडी ओशाळून. संशोधन सुरू केल्यावर लक्षात आलं की या कथेतला क्रमच तपासायला हवा. विद्यापीठात लेखन आधी शिकवलं जात होतं आणि नोकरी नंतर आली, असं झालेलं नाही. ज्या अमेरिकेत हा व्यवसाय आणि त्याची पदवी दोन्ही आकाराला आली, तिथे नोकरी आधी आली. पदवी तिच्या मागून धावत गेली.

इंजिनिअरना लिहायला शिकवा

सुरुवात १८६२ च्या मॉरिल कायद्यापासून करू. या कायद्याने अमेरिकेतल्या राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती आणि यांत्रिक विद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. तिथून इंजिनिअर मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. काही दशकांतच तक्रार सुरू झाली की यांना गणित येतं, पण अहवाल लिहिता येत नाही. १९०८ मध्ये टी. ए. रिकार्ड या खाण-अभियंत्याने तांत्रिक लेखनावर मार्गदर्शक पुस्तक काढलं. १९११ मध्ये टफ्ट्स महाविद्यालयातल्या सॅम्युअल चँडलर अर्ल यांचं पुस्तक आलं. अर्ल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत.

इथे एक गोष्ट नीट पाहा. या दोन्ही पुस्तकांचा वाचक इंजिनिअर आहे. ‘लेखन शिकलेला माणूस यंत्राबद्दल लिहील’ ही कल्पना अजून कुठेच नाही. यंत्र ज्याला कळतं त्यानेच लिहायचं, इंग्रजीच्या शिक्षकाने फक्त भाषा सुधारून द्यायची. रॉबर्ट कॉनर्स यांनी १९८२ मध्ये या अध्यापनाचा इतिहास लिहिला. त्यात दिसतं की इंजिनिअरांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना इंग्रजी विभागात फारसा मान नव्हता आणि कामाचा बोजा मात्र भरपूर होता. आजही ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा तास कुणाच्या गळ्यात पडतो ते आठवा, म्हणजे ही जुनी गोष्ट ओळखीची वाटेल.

मग लेखक वेगळा कधी झाला?

दुसऱ्या महायुद्धात. रडार, विमानं, तोफांची नियंत्रण यंत्रणा ही सगळी अवघड यंत्रं अशा लाखो तरुणांच्या हातात पडली, ज्यांनी ती कधी पाहिलीही नव्हती. ती चालवायची कशी, बिघडली तर दुरुस्त कशी करायची, हे कुणीतरी सोपं करून लिहायला हवं होतं. इंजिनिअर पुढच्या यंत्रात गुंतलेला. त्यामुळे केवळ लिहिण्यासाठी वेगळी माणसं लागली. युद्ध संपलं तरी यंत्रं काही सोपी झाली नाहीत, आणि ही माणसंही राहिली.

१९४९ मध्ये एकर्ट-मॉक्ली कंपनीने बायनॅक हा संगणक नॉर्थ्रॉप या विमान कंपनीसाठी तयार केला. त्याची वापर-पुस्तिका जोसेफ चॅपलिन यांनी लिहिली. इंटरनेटवर शोधलंत तर ‘जगातला पहिला टेक्निकल रायटर’ म्हणून त्यांचं नाव सापडेल. थांबा. ‘पहिला’ हा शब्द दिसला की संशोधकाने आधी विचारायचं: कशातला पहिला? संगणकापुरतं म्हणाल तर दावा समजू शकतो. पण चौदाव्या शतकात इंग्रज कवी जेफ्री चॉसरने अॅस्ट्रोलॅब हे खगोलशास्त्रीय उपकरण कसं वापरायचं यावर एक प्रबंध लिहायला घेतला होता, तोही दहा वर्षांच्या लुईस नावाच्या मुलासाठी. त्या मुलाला लॅटिन फारसं येत नाही म्हणून आपण साध्या इंग्रजीत लिहितो आहोत, असं तो सुरुवातीलाच सांगतो. आपला वाचक कोण, त्याला काय येतं, काय येत नाही, हा विचार तिथे पूर्णपणे आहे. म्हणजे काम जुनं आहे. विसाव्या शतकात नवं झालं ते पगारी पद.

कॅथरीन ड्युरॅक यांनी १९९७ मध्ये याच्याही पुढचा प्रश्न विचारला. टेक्निकल रायटिंगच्या इतिहासात बायका का दिसत नाहीत? त्यांचं म्हणणं असं की आपण ‘तंत्रज्ञान’ म्हणजे कारखाना आणि ‘काम’ म्हणजे पगारी काम असं धरून चालतो. मग शिवणयंत्राच्या सूचना, कपडे बेतायचे नमुने, घरातली मोजमापं हे सगळं आपोआप बाहेर पडतं. हे वाचताना मला माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आठवली. वाटी-चमच्याचं माप, कामाचा क्रम, पुस्तक उघडून ओट्यापाशी उभी असलेली नवखी बाई समोर धरून केलेलं लेखन. तुम्ही त्याला टेक्निकल रायटिंग म्हणाल का? ‘नाही’ म्हणत असाल तर का नाही, हे एका परिच्छेदात लिहून पाहा. व्याख्या कशी ठरते आणि ती कुणाला बाहेर ठेवते, हे त्यात समजेल.

पदवी आली ती १९५० च्या दशकात

१९५३ मध्ये अमेरिकेत दोन गोष्टी झाल्या. बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथे तांत्रिक लेखकांच्या दोन संघटना निघाल्या, आणि रेन्सलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९५७ मध्ये त्या दोन संघटना एक झाल्या. १९५८ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तांत्रिक लेखन आणि संपादनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तो सुरू झाला मार्गारेट मॉरिसन महाविद्यालयात, म्हणजे त्या संस्थेच्या महिला महाविद्यालयात.

हा शेवटचा तपशील वाचून मी बराच वेळ थांबले होते. रिकार्ड आणि अर्ल यांच्या काळात लेखन हा इंजिनिअरच्या, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या, कामाचा भाग होता. ते काम वेगळं निघालं तेव्हा त्याची पदवी महिला महाविद्यालयात आली. यावरून लगेच मोठा निष्कर्ष काढू नका. मीही काढलेला नाही. पण प्रबंधाचे प्रश्न असेच मिळतात. वर्षं आणि नावं सगळ्यांना मिळतात, ‘कोणत्या इमारतीत?’ हे मात्र फार थोडे जण विचारतात.

हे ‘मानव्यविद्या’ आहे का?

पदवी आली, तरी मान आला का? कॅरोलिन मिलर यांचा १९७९ चा लेख यासाठी वाचायलाच हवा. त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रस्ताव मांडला होता की विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी टेक्निकल रायटिंगचा पेपर घेतला तर तो मानव्यविद्येचा पेपर म्हणून धरावा. इतरांना हे पटेना. हे तर निव्वळ कौशल्य, यात विचार कुठे आहे? मिलर यांनी उत्तर दिलं की या आक्षेपामागे भाषेबद्दलचा एक समज दडलेला आहे: भाषा म्हणजे खिडकीची काच, सत्य पलीकडे तयार उभं आहे, लिहिणाऱ्याने काच पुसली की झालं. त्यांच्या मते विज्ञानातही युक्तिवाद असतो, वाचकांचा समुदाय असतो, त्यामुळे लिहिणं म्हणजे त्या समुदायात भाग घेणं.

योगायोग असा की त्याच वर्षी, २८ मार्च १९७९ ला, पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. एक झडप उघडी अडकली, तरी गाभ्यात पुरेसं पाणी आहे असं समजून चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा प्रवाह कमी केला, आणि गाभा अंशतः वितळला. चौकशीत बाहेर आलं की सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात जवळजवळ हेच घडलं होतं. तिथे अणुभट्टी अगदी कमी क्षमतेवर चालत होती म्हणून निभावलं. अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या बर्ट डन या इंजिनिअरने फेब्रुवारी १९७८ मध्ये टिपण लिहून इशारा दिला होता की चालकांना दिलेल्या सूचना बदला, नाहीतर गाभ्याला इजा होऊ शकते. ते टिपण कंपनीतल्या विभागांमध्ये फिरत राहिलं. बदललेली सूचना चालकांपर्यंत पोचली नाही. मध्ये तेरा महिने गेले.

या टिपणांचा अभ्यास पुढे अनेकांनी केला. वाक्यं आणखी सुबक असती तर अपघात टळला असता, असं म्हणणं सोपं आहे. पण मिलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की प्रश्न वाक्यांपुरता नव्हता. एकाच कंपनीतले दोन विभाग कशाला पुरावा मानायचं याबद्दल वेगवेगळा विचार करत होते. काच पुसून हे दिसलं नसतं.

आणि काच अगदी स्वच्छ असेल तर? स्टीव्हन कॅट्झ यांनी १९९२ मध्ये नाझी राजवटीतलं १९४२ चं एक कार्यालयीन टिपण तपासलं. माणसं मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये काय सुधारणा कराव्यात, याचं ते टिपण. नेमकं, मुद्देसूद, क्रमवार. माणसांचा उल्लेख मालासारखा. आपण वर्गात ज्याला ‘उत्तम तांत्रिक लेखन’ म्हणून गुण देतो, त्या सगळ्या कसोट्यांना ते उतरतं, आणि कॅट्झ यांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आता तुमच्यासाठी

हा किंवा असा कुठलाही ‘साधा’ विषय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी सांगते.

एक, साधनं आधी शोधा. मॅन्युअल ही फेकून द्यायची वस्तू आहे. नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते. मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटसारख्या थोड्याच संस्था असं साहित्य जपतात. १९५३ पासूनच्या त्या संघटनांची वारस असलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन २०२५ च्या जानेवारीत दिवाळखोरीत जाऊन बंद झाली. संस्था बंद पडली की तिचे कागद कुठे जातात, हा प्रश्न इतिहासकाराने दुसऱ्याच दिवशी विचारायचा असतो.

दोन, मॅन्युअल हाती लागलं की ‘काय सांगितलंय’ याआधी ‘कुणाला माहीत आहे असं धरलंय’ ते शोधा. लेखकाचं नाव आहे का? चित्रात हात कुणाचे आहेत? इशारा कृतीच्या आधी आहे की नंतर?

तीन, स्वतःचा अनुभव लपवू नका, पण त्याला पुरावाही समजू नका. माझाच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत सहावी पायरी लिहिली: ‘रीसेट करा.’ तिच्याखाली लिहिलं: ‘रीसेट करण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवा.’ व्याकरण बिनचूक होतं. एका ग्राहकाने पायरी वाचली, बटण दाबलं, आणि मग खालची ओळ वाचली. त्याची तीन महिन्यांची नोंद गेली. मला कुणी फार बोललं नाही. दोन ओळींची अदलाबदल केली आणि पुढची आवृत्ती काढली. ती जुनी आवृत्ती आज माझ्याकडेही नाही.

परवाच्या त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मॅन्युअलला कसला इतिहास, असं तू विचारलंस. कुणीतरी दोन ओळींचा क्रम ठरवतं आणि त्याचे परिणाम दुसरंच कुणीतरी भोगतं. तो क्रम कुणी ठरवला, त्याला ते कुणी शिकवलं, आणि शिकवणाऱ्याला विभागात बसायला खुर्ची होती का, हे शोधायला मी परत आले. पुढच्या शुक्रवारी ये. घरातल्या मिक्सरचं किंवा प्रेशर कुकरचं जुनं माहितीपत्रक सापडलं तर घेऊन ये, आपण ते बरोबर बसून वाचू.