काडतूस-पुनर्भरण साचे

काडतूस-पुनर्भरण साचे : रायफलमधून उडविलेल्या काडतुसाचे रिकामे पितळी कवच पुन्हा वापरता यावे म्हणून त्यास योग्य आकार देणाऱ्या व त्यात नवी गोळी बसविणाऱ्या पोलादी साच्यांना ही संज्ञा लावतात. कवच, प्रज्वलक टोपी, दारू व गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. त्यांपैकी केवळ कवचच पुन्हा उपयोगात आणता येते. त्यामुळे पुनर्भरणाचा उगम काटकसरीत झाला. पुढे मात्र अचूक नेमबाजी हे त्याचे प्रमुख प्रयोजन ठरले. वापरलेल्या कवचाचा आकार किती बदलावा, या प्रश्नाच्या उत्तरांबरोबरच हे साचे बदलत गेले.

बार उडताच वायूंच्या दाबाने कवच फुगून रायफलीच्या कक्षाच्या भिंतीस घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर पितळाच्या स्थितिस्थापकतेमुळे ते किंचित आकसते, परंतु मूळ मापावर येत नाही. उडविलेले कवच हा अशा रीतीने त्या विशिष्ट रायफलीच्या कक्षाचा जवळजवळ ठसाच असतो. साच्याने तो ठसा पुसावयाचा की राखावयाचा, हाच निवडीतील मूळ मुद्दा होय.

पुनर्भरण सुलभ होण्यास प्रज्वलक टोपीची रचना कारणीभूत ठरली. १८६६ मध्ये अमेरिकेत हायरम बर्डन व इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी आपापल्या टोप्यांची एकस्वे घेतली. बॉक्सर यांच्या रचनेत कवचाच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टोपी साध्या सुईने आतून ढकलून काढता येई. बॉक्सर इंग्रज असूनही त्यांची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रुजली, तर बर्डन यांची यूरोपात. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील मैदानांवर गव्यांची शिकार करणारे शिकारी तळावरच काडतुसे भरीत. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यात स्थापन केलेल्या ‘आयडियल’ कंपनीची चिमट्यासारखी हत्यारे लोकप्रिय झाली. काळ्या दारूचा दाब कमी असल्याने कवच फारसे फुगत नसे. केवळ त्याची मान आवळली तरी काम भागे.

फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली आणि ही स्थिती पालटली. नव्या दारूमुळे दाब पुष्कळ वाढला आणि निमुळत्या खांद्याची, बाटलीच्या आकाराची कवचे प्रचारात आली. ती संपूर्ण लांबीभर दाबून पूर्ववत करण्यास हातातील चिमटा अपुरा पडू लागला व तरफेचे दाबयंत्र आवश्यक झाले. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे सुरू केलेली ‘आरसीबीएस’ ही कंपनी प्रथम गोळ्या घडविण्याचे साचे करीत असे. नंतर ती पुनर्भरणाच्या साधनांसाठी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक लष्करी दारू स्वस्तात विक्रीस आल्याने या छंदाचा प्रसार झाला. ७/८ इंच व्यासाचे व दर इंचास १४ आटे असलेले साचे सर्वमान्य झाल्यामुळे एका उत्पादकाचा साचा दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला.

अचूकतेचा पद्धतशीर विचार त्यापूर्वीच सुरू झाला होता. फ्रँक्लिन मान यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमतोल व बुडाशी सदोष गोळ्यांमुळे मारा कसा विखुरतो, हे प्रयोगांनी दाखविले. गोळी कवचात तिरपी बसली, तर ती नळीतही तिरपी शिरण्याचा संभव असतो. म्हणून गोळी व कवच यांना अक्षाशी सरळ धरणारे साचे पुढे आले. मान आतून रुंद करणारा मणी बाहेर ओढला जाताना कवच वाकते, असेही आढळले. त्यावर उपाय म्हणून बदलता येणाऱ्या कड्यांचे साचे निघाले. त्यांत मान हवी तेवढीच आवळता येते.

मेजावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्या स्पर्धकांनी बराच काळ फक्त मान आवळणारे साचे पसंत केले. कक्षाचा ठसा राखला, तर काडतूस त्यात अधिक नेमके बसेल, ही त्यामागील कल्पना होती. तथापि अनेक वापरांनंतर कवच कक्षात घट्ट होते, बोल्ट जोराने मिटावा लागतो व रायफल टेकूवरून हलते. त्यामुळे पुष्कळ स्पर्धक पुन्हा संपूर्ण आकार देणाऱ्या साच्यांकडे वळले. मात्र आता खांदा मोजून केवळ ०·०२५ ते ०·०५ मिमी. मागे नेला जातो.

शिकारीसाठी, स्वयंभरणी रायफलीसाठी किंवा एकच काडतूस अनेक रायफलींत वापरावयाचे असल्यास संपूर्ण लांबीचा साचाच योग्य ठरतो. बोल्टच्या एकाच रायफलीसाठी मानेचा साचा चालू शकतो. अचूकतेसाठी साच्याची किंमत वा कीर्ती यांपेक्षा त्याचे माप त्या रायफलीच्या कक्षाशी जुळणे महत्त्वाचे असते. खांदा अतिरिक्त मागे ढकलल्यास प्रत्येक बाराला कवच ताणले जाते, बुडाजवळ पातळ होते आणि अखेर तुटते. अशा वेळी तप्त वायू मागे फुटून नेमबाजाच्या डोळ्यांस इजा होऊ शकते. वारंवार ठोकले व ताणले गेलेले पितळ कठीण होऊन मानेशी तडकते. म्हणून ते ठराविक वापरांनंतर तापवून मऊ करतात. त्या प्रक्रियेस अनुशीतन म्हणतात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे.